टायर लेथवर होत नाही : जुनी फटफटी, तिची चाकं आणि साच्यांचा इतिहास

(सार्वजनिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानाला आलो आहोत की टायरच्या दुकानात. दोन्ही ठिकाणी आलात असं समजा. सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू या. समजा, घरात आजोबांची मोटारसायकल आहे. बुलेट असेल, जावा असेल, फारच नशीबवान असाल तर युद्धाच्या काळातली एखादी बीएसए किंवा नॉर्टन असेल. वीस-पंचवीस वर्षं ती उभी आहे आणि तुम्हाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. तर मग तिचा कोणता भाग मिळवणं सगळ्यात अवघड जाईल?

बहुतेक लोक म्हणतात, इंजिनाचे भाग. वाटतं तसं खरं, पण आपल्याकडे हातात कसब असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखादा झिजलेला बुश, पिन किंवा ॲक्सल घेऊन जा. कारागीर तो मापतो, लेथवर चढवतो आणि नवा करून देतो. गिअर कापून मिळतो, सिलिंडर बोअर करून मिळतो, पत्र्याचं मडगार्ड ठोकून मिळतं. नमुना हातात असला की एकच नग करून घेता येतो. वेळ लागेल, पैसे लागतील, पण काम होतं.

टायरचं तसं होत नाही. टायर लेथवर होत नाही. टायर करायला तारेची कडी लागते, दोऱ्यांचे थर लागतात, रबराचं ठरलेलं मिश्रण लागतं, आणि हे सगळं वाफेच्या उष्णतेने दाबून शिजवायला पोलादाचा साचा लागतो. त्या साच्यात टायरची नक्षी आणि बाजूवरची अक्षरं उलटी कोरलेली असतात. असा साचा एका टायरसाठी कुणी करत नाही. हजारो टायर विकले जाणार असतील तरच तो परवडतो. म्हणून जुन्या गाडीचं आयुष्य तिच्या मालकाच्या जिद्दीवर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच तिच्या मापाचा साचा जगात कुठेतरी चालू आहे की नाही यावर असतं. आज मला एवढंच सांगायचं आहे. आता हे असं का झालं, त्याचा इतिहास पाहू.

धाव आणि टायर

आपल्या भाषेत चाकाच्या बाहेरच्या वेष्टनाला एक फार चांगला शब्द आहे : धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते ती धाव. सुताराने चाक केलं की लोहार त्याचा घेर मापायचा. पट्टी वाकवून, जोडून तिचं कडं करायचा, आणि ते मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात कडं लाल तापवायचं. तापलं की ते फुगतं. तसंच चाकावर चढवायचं आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक आवळून धरतं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. इथे धाव त्या चाकासाठी होते. दोन चाकं बोटभर लहानमोठी असली तरी बिघडत नाही. लोहाराला नंबर लागत नाही, कॅटलॉग लागत नाही. चाक समोर आहे, तेच माप.

आणि गंमत अशी की जगातली पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी याच पद्धतीच्या चाकांवर चालली. १८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जी गाडी केली, तिची चाकं लाकडाची होती आणि त्यांवर लोखंडी धाव होती. ती गाडी आज आपल्या गावच्या लोहाराकडे नेली, तर तिच्या चाकांचं काम तो करून देईल. तिच्यानंतरच्या कुठल्याही गाडीबद्दल हे म्हणता येणार नाही.

हवा भरली, पण धरायची कशी?

हवेच्या टायरचा इतिहास आपल्याला सहसा डनलॉपपासून सांगतात. खरं तर तो आधी सुरू होतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचं अमेरिकन पेटंट घेतलं. त्यानंतर लगेच, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. तेव्हा त्याचं वय होतं २३. बग्गीला ती चाकं लावून लंडनमध्ये चाचण्याही झाल्या. पण तेव्हा ना सायकल घरोघरी होती, ना मोटार. कल्पना काळाच्या आधी आली आणि विसरली गेली.

मग १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला. त्याचं पेटंट पुढे थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे रद्द ठरलं, तरी धंदा उभा राहिला, कारण आता सायकलींची लाट आलेली होती.

डनलॉपच्या पहिल्या टायरची अडचण पंक्चर काढणाऱ्यांना लगेच कळेल. तो रिमला चिकटवलेला होता. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं उखडायचं. त्यामुळे खरा प्रश्न हवा भरण्याचा राहिलाच नाही. टायर रिमवर घट्टही बसला पाहिजे आणि हाताने काढताही आला पाहिजे, हा प्रश्न होता. १८९० साली याची दोन उत्तरं आली. जुन्या मोटारसायकलींचं पुढचं सगळं भवितव्य या दोन उत्तरांत दडलेलं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिलं उत्तर विल्यम अर्स्किन बार्टलेट याचं. त्याने टायरच्या दोन्ही कडांना रबराचे जाड ओठ दिले आणि रिमच्या कडा आत वळवल्या. हवा भरली की ते ओठ त्या वळलेल्या कडांखाली जाऊन अडकतात. याला म्हणतात बीडेड एज, किंवा क्लिंचर. दोष असा की टायरला धरून ठेवतो तो फक्त हवेचा दाब. दाब कमी झाला की ओठ सुटतो आणि टायर रिमवरून उतरतो. म्हणून अशा चाकांना टायर धरून ठेवणारे वेगळे बोल्टही लावत.

दुसरं उत्तर चार्ल्स किंग्स्टन वेल्श याचं. त्याने टायरच्या कडांत न ताणणारी तारेची कडी घातली. ती कडी रिमच्या बाहेरच्या कडेपेक्षा लहान असते, म्हणून टायर उडून जाऊ शकत नाही. मग तो चढवायचा कसा? रिमच्या मध्यभागी एक खोलगट चर ठेवायचा. एका बाजूची कडी त्या चरात दाबली की समोरच्या बाजूला तेवढीच सूट मिळते आणि कडी वरून आत येते. तुमचा पंक्चरवाला रोज हेच करतो. पायाने एक बाजू दाबतो आणि समोरून लिव्हर लावतो. १८९० सालची युक्ती तो रोज वीस वेळा वापरतो.

मोटारसायकलींनी आधी पहिलं उत्तर निवडलं. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्या बीडेड एजवर धावल्या. वेग आणि वजन वाढल्यावर ते धोक्याचं ठरू लागलं आणि मग सगळे तारेच्या कडीकडे वळले. दोन्ही प्रकार एकमेकांना चालत नाहीत. तारेचा टायर बीडेड एज रिमवर बसवायला गेलात तर त्याला ना चर मिळतो, ना नीट बैठक. तो बसल्यासारखा दिसेल, पण वळणावर निसटेल. म्हणून १९२५च्या आधीची गाडी असेल तर टायर शोधण्याआधी रिमची कड बोटाने चाचपायची. आत वळलेला हूक लागला, तर तुमचा शोध वेगळ्या रस्त्याने जाणार.

आकडे काय सांगतात

आता आकड्यांकडे येऊ. धाव होती तेव्हा नंबर लागत नव्हता. टायर कारखान्यात होऊ लागला आणि चाक दुसऱ्या कारखान्यात, तेव्हा दोघांना जोडायला आकडा लागला. आणि त्या आकड्याचा अर्थ मध्येच बदलला. सगळा घोळ इथे होतो.

जुन्या पद्धतीत पहिला आकडा म्हणजे टायरचा बाहेरचा व्यास. २६ × २½ म्हणजे जमिनीपासून वरपर्यंत साधारण २६ इंच उंच, आणि अडीच इंच जाड. रिमचं माप यात लिहिलेलंच नाही. ते काढावं लागतं. त्या काळचा टायर जितका रुंद तितकाच उंच असायचा. म्हणून २६ मधून दोनदा अडीच वजा करा : २१. रिम साधारण २१ इंचांची.

नंतरच्या पद्धतीत आधी जाडी आणि मग रिमचा व्यास आला. ३.२५-१९ म्हणजे सव्वातीन इंच जाड आणि १९ इंच रिम. मधल्या काळात दोन्ही पद्धती एकत्र नांदत होत्या. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तिकेत २६ × ३.२५ असं लिहिलेलं दिसतं. वाचणारा २६ इंची रिम शोधत फिरतो आणि ती कुठेच मिळत नाही. पण वजाबाकी करा. २६ मधून साडेसहा गेले, राहिले साडेएकोणीस. म्हणजे तो आपला नेहमीचा ३.२५-१९ आहे. नाव जुनं, टायर तोच.

हा घोळ आपल्याला सायकलीमुळे तसा परिचयाचा आहे. जुन्या लेडीज सायकलच्या टायरवर २६ × १⅜ असतं आणि जाड टायरच्या नव्या सायकलवर २६ × १.७५. दोन्ही २६. पण एकाची रिम ५९० मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ५५९. एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. २६ हा आकडा बाहेरच्या व्यासावरून पडलेला, आणि तोही नावापुरता उरलेला.

तिसरी पद्धत मिलिमीटरची. १००/९०-१९ म्हणजे १०० मिलिमीटर रुंद, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, रिम १९ इंच. हो, रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम मात्र इंचातच राहिली. इतिहास असाच थरांनी साचतो. आता ३.२५-१९ च्या जागी काय घ्यायचं, हे कागदावर काढता येतं. सव्वातीन इंच म्हणजे ८२.५ मिलिमीटर. १९ इंच म्हणजे ४८२.६. दोन्हीकडची उंची धरून एकूण व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर. ९०/९०-१९ चा व्यास येतो सुमारे ६४५. जवळजवळ तोच. तसाच ३.५०-१९ च्या जवळ १००/९०-१९ येतो : ६६० आणि ६६३. म्हणजे उंची जुळते. रुंदी मात्र प्रत्येक वेळी थोडी वाढते, आणि ती वाढ कुठे अडते ते प्रश्नोत्तरांत येईलच.

युद्धाने दिलेलं माप

आता आपण आपल्या देशाकडे येऊ, कारण ३.२५-१९ हा आकडा इथे कसा रुजला याची गोष्ट मोठी आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला मोटारसायकली लागल्या त्या लाखांनी. एकट्या बीएसए एम-२० ची संख्या सव्वालाखाच्या घरात गेली. नॉर्टन, मॅचलेस, रॉयल एनफिल्ड अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या, पण बहुतेकांच्या चाकांवर टायर एकच : ३.२५-१९. रणभूमीवर प्रत्येक गाडीसाठी वेगळा टायर ठेवणं परवडत नाही. त्यात १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर जगातल्या रबराच्या मळ्यांचा मोठा भाग दोस्त राष्ट्रांच्या हातातून गेला. रबराचं रेशनिंग सुरू झालं. अशा वेळी एकच माप सगळ्यांना चालणं ही चैन नव्हती, गरज होती.

युद्ध संपल्यावर या गाड्या भारतात लिलावात निघाल्या. दिल्लीत अमेरिकन सैन्याच्या हार्ले-डेव्हिडसनना मागे बाकडी जोडून त्यांच्या तीनचाकी फटफट्या झाल्या आणि त्या १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रवासी वाहत होत्या. आपण मराठीतही मोटारसायकलला फटफटी म्हणतो ते त्याच आवाजावरून.

मग १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इथे तयार होऊ लागली. तिची चाकं १९ इंचांची, टायर ३.२५-१९. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७०च्या सुमारास बंद पडली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरचा कारखाना चालूच राहिला, आणि बुलेटचं माप तेच राहिलं.

टायरचे कारखानेही याच काळात आले. डनलॉपचा हुगळीकाठच्या साहागंजला १९३६ मध्ये आलेला होताच. मुंबईत फायरस्टोन होती. १९५८ मध्ये मूळच्या इटालियन सिएटचा कारखाना मुंबईत भांडुपला आला. १९६१ च्या सुमारास एमआरएफ फुग्यांच्या धंद्यातून वाढत वाढत टायरपर्यंत पोहोचली, आणि तिचाही पहिला टायर कारखाना तिरुवोट्टियूरलाच. परदेशातून माल आणण्यावर कडक बंधनं होती, त्यामुळे इथे जी गाडी बनेल तिचा टायरही इथेच बनणं भाग होतं.

याचा परिणाम पाहा. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटारसायकलींचा धंदा १९७०च्या दशकात कोसळला. १९ इंची रोजचा टायर तिथे हौशी माणसांची वस्तू झाला. आपल्याकडे तोच टायर पोलीस, सैन्य, दूधवाले आणि शेतकरी वापरत होते. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे १९४२ ची बीएसए किंवा नॉर्टन आहे, त्यांचा टायरचा प्रश्न बुलेटने सोडवला. म्हातारीचं औषध नातीच्या घरात मिळावं, तसं.

साध्या गाड्यांचे उपकार

यातून एक नियम दिसतो. दुर्मीळ गाडी जगते ती साध्या गाडीच्या संगतीने. तिचं माप एखाद्या रोजच्या, गरीब, कष्टाच्या वाहनाला लागत असेल, तर ती निर्धास्त असते.

थोडा वेळ स्कूटरकडे वळू, कारण याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तिथे आहे. १९५०च्या दशकातली लँब्रेटा एलडी मुंबईत जोडली जायची. तिचा टायर ४.००-८. हे माप ऐकून इथले रिक्षावाले हसतील, कारण आपल्या रिक्षाचं माप हेच. आज एलडीचा मालक रिक्षाच्या टायरच्या दुकानात जातो आणि पाच मिनिटांत काम करून येतो. दीडशे देशांतल्या संग्राहकांकडून जे जमलं नसतं, ते आपल्या नाक्यावरच्या रिक्षाने केलं.

राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०. तिला पुढे ३.००-१८ आणि मागे ३.५०-१८. रोजच्या १०० सीसी गाड्यांनी १८ इंची रिम आपल्याकडे घरोघरी नेली, त्यामुळे या गाडीवाल्यांना निदान दुकानात ओळख आहे. १६ इंची जावा-येझदीचं मात्र अवघड. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि आजच्या रोजच्या गाड्या बहुतेक १७-१८ इंची. त्यामुळे १६ इंची टायर खपतो तो मुख्यतः या जुन्या गाड्यांच्याच जोरावर. मालकांनी गाड्या चालवल्या तर टायर बनतो. गाड्या दिवाणखान्यात उभ्या राहिल्या तर दुकानदार तो मागवायचं सोडून देतो.

साचे कोण सांभाळतं?

जिथे साधी गाडी मदतीला येत नाही, तिथे कुणीतरी मुद्दाम साचे सांभाळावे लागतात. अमेरिकेत टेनेसी राज्यात हॅरोल्ड कोकर यांनी १९५८ मध्ये टायरचं दुकान काढलं. पुढे त्यांच्या मुलाने जुन्या गाड्यांच्या टायरचा विभाग वाढवला. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेले साचे शोधायचे, परवाने घ्यायचे आणि नव्या रबरात जुने टायर पुन्हा ओतायचे, असा तो धंदा. संग्रहालयं आणि अभिलेखागारं कागदपत्रं सांभाळतात, तसे हे लोक साचे सांभाळतात. मला तर साचा हा ऐतिहासिक दस्तऐवजच वाटतो. फरक इतकाच की हा वाचायचा नसतो, शिजवायचा असतो.

पण कारखाने बंदही पडतात. साहागंजचा डनलॉप कारखाना या शतकात कुलूप लागून पडला. इंग्लंडमध्ये मेल्कशमला ॲव्हॉन कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रबराचं काम करत होती. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचे टायर म्हटलं की ॲव्हॉन. २०२३ च्या अखेरीस तो कारखाना बंद झाला.

आणि योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्याकडेही एक गोष्ट घडली. तिची कुठे बातमी झाली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी बुलेट ३५० बाजारात आली. पुढे १००/९०-१९, मागे १२०/८०-१८. म्हणजे जी गाडी जवळजवळ सत्तर वर्षं ३.२५-१९ ला आपल्या खांद्यावर घेऊन चालली होती, तिनेच ते माप खाली ठेवलं. नवी गाडी तशी असणं योग्यच आहे, ती आजच्या वेगांसाठी आहे. पण जुन्या मापाचा अर्थ त्या दिवशी बदलला. काल ते कारखान्यातून निघणाऱ्या गाडीचं माप होतं. आज ते फक्त आधी विकल्या गेलेल्या गाड्यांचं माप आहे.

लगेच काही होणार नाही. रस्त्यावर जुन्या बुलेट भरपूर आहेत, त्यांना टायर लागणार, कंपन्या बनवत राहणार. पण ही मागणी आता वाढणार नाही. ती मालकांवर अवलंबून राहील. पुढची पन्नास वर्षं एम-२० आणि जुनी बुलेट रस्त्यावर दिसेल की काचेमागे, हे इंजिनवाल्यांपेक्षा टायर विकत घेणारे ठरवतील. त्यामुळे माझं एकच सांगणं आहे : जुनी गाडी असेल तर ती चालवा, आणि टायर झिजवा. साचा चालू ठेवण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.



श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : जुन्या बुलेटला मागे जाड टायर टाकला तर चालतो का? दिसायला भारदस्त वाटतो.*

दिसतो खरा. पण तीन ठिकाणी पाहावं लागतं. पहिलं, रिमची रुंदी. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या रिमवर डब्ल्यूएम-१, डब्ल्यूएम-२, डब्ल्यूएम-३ असे आकडे असतात. त्यांची रुंदी अनुक्रमे १.६०, १.८५ आणि २.१५ इंच. रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात. माथा उंचावतो आणि टायरचा मूळ गोलवा बिघडतो. मग वळणावर गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. दुसरं, चेन आणि मडगार्ड. १० मिलिमीटर वाढ म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त ५, पण जुन्या गाडीत तेवढीही जागा नसते. उभ्या गाडीत घासत नाही, दोन माणसं बसून खड्ड्यात गेली की घासतं. तिसरं, व्यास बदलला की स्पीडोमीटर चुकतो. म्हणून आधी मूळ माप शोधा. ते मिळतच नसेल तर व्यास जुळणारं जवळचं माप घ्या, आणि ते रिमच्या रुंदीला चालतं का हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहा. आणि आऱ्यांच्या रिमवर ट्यूबलेस लिहिलेला टायर बसवलात तरी आत ट्यूब लागतेच.

*प्रश्न : एका जुन्या दुकानात तीस वर्षांपूर्वीचा, एकदाही न वापरलेला टायर मिळतो आहे. अगदी मूळ नक्षीचा. घ्यावा का?*

घ्या, आणि भिंतीवर लावा. चालवू नका. टायर झिजूनच म्हातारा होतो असं नाही. हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने रबर पडल्या जागी कडक होतं. नक्षी पूर्ण असते, चकाकी असते, पण पकड गेलेली असते आणि बाजूला बारीक भेगा असतात. पावसात असा टायर दगडासारखा घसरतो. २००० नंतरच्या टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. त्याआधी तो तीन आकडी असायचा आणि दशक ओळखणं कठीण जायचं. टायर घेताना नक्षीच्या आधी तो शिक्का वाचायची सवय लावा. ट्यूब आणि आऱ्यांच्या टोकांवरची रबरी पट्टीही त्याच वेळी बदला.

*प्रश्न : माझ्या परिचितांकडे १९२०च्या आसपासची गाडी आहे. हूकवाली रिम काढून नवी रिम बसवली तर तिचं ऐतिहासिक मोल कमी होतं का?*

हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे, आणि यावर जाणकारांतही दोन मतं आहेत. बीडेड एजचे नवे टायर परदेशात मिळतात, पण महाग पडतात आणि हवेचा दाब सतत सांभाळावा लागतो. दुसरीकडे, २६ × २½ ची रिम जवळपास २१ इंची पडते. त्यामुळे २१ इंची चराची रिम मूळ हबवर आऱ्यांनी बांधली तर लांबून फरकही कळत नाही. आणि २१ इंची टायर आज सहज मिळतो, कारण आपल्या हिमालयन मोटारसायकलचं पुढचं चाक २१ इंचीच आहे. पुन्हा तेच, साधी नवी गाडी जुनीच्या मदतीला.

माझं मत विचाराल तर, गाडी फक्त दाखवायची असेल तर मूळ रिम ठेवा. रस्त्यावर न्यायची असेल तर नवी बांधा, आणि जुनी रिम माळ्यावर जपून ठेवा. तिला चिठ्ठी बांधा : कोणत्या गाडीची, कोणत्या साली काढली, का काढली. पुढच्या पिढीला मूळ चाक परत बसवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी गाडी चालवणारा माणूस आधी सुखरूप घरी आला पाहिजे.